पंचवीस डिग्रीचा समुद्र

राधाकिशनरावांच्या बैठकीत चैत्राच्या तोंडावर समुद्र येऊन बसला. तोही अशा साली, की दिंद्रुडच्या विहिरीत बादली सोडली तर ती कोरडीच वर येत होती, आणि टँकर आठ दिवसांतून एकदा, तोही ड्रायव्हरच्या मर्जीनं उगवत होता.

समुद्र होता शंभर लिटरचा. चारी बाजूंनी काच, तळाला पांढरी वाळू, मधोमध भोकाभोकांचे चार दगड आणि त्या दगडांतून ये-जा करणारे दोन नारिंगी मासे. अंगावर पांढरे पट्टे. लग्नातले बँडवाले गणवेश घालून वरातीला निघावेत तसे ते दिसत. जावईबापूंनी ही सगळी चीजवस्तू भाड्याच्या जीपमधून, मांडीवर लेकरू घ्यावं तशी सांभाळत, थेट रत्नागिरीहून आणली होती. टाकी भिंतीकडेला मांडली, वायरी जोडल्या, बुडबुडे सोडणारं यंत्र चालू केलं आणि हात पुसत ते म्हणाले,

"मामा, हे पाणी मी तिकडं दोन महिने मुरवून आणलंय. तुम्ही फक्त आहे तसं ठेवायचं. खारटपणा तोच, गारवा तोच. महिनाभर हे दोघं सुखानं राहिले, की आईपुढं बोलायला मला तोंड राहील."

मुद्दा माशांचा नव्हताच. मुद्दा कौशल्येचा होता.

कौशल्या ही राधाकिशनरावांची एकुलती एक लेक. जावई माजलगावच्या धरणावर मत्स्यखात्यात होते तेव्हा सोयरीक जमली. पुढं त्यांची बदली झाली आणि लेक समुद्राकाठी गेली. आता तिला सहावा सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण विहीणबाईंनी, म्हणजे सुभद्राबाईंनी, फोनवर अगदी गोड आवाजात विचारलं होतं, "तुमच्याकडे आठ दिवसांनी टँकर येतो म्हणे. बाळंतिणीला न्हाऊ कशानं घालणार? वाटीनं?" मागून कौशल्येचा आवाज तेवढा आला होता, "आबा, मला घरी यायचंय." त्या एका वाक्यानं तीन दिवस त्यांच्या घशाखाली भाकरी उतरली नाही. शेवटी जावयानंच ही तोड काढली. बीड जिल्ह्याच्या दुष्काळात जो माणूस समुद्रातला मासा महिनाभर जगवून दाखवील, त्याच्या घरी सून धाडायला कोणती सासू नको म्हणेल? सुभद्राबाईंनाही ते पटलं. तीस दिवसांनी आपण स्वतः येऊन बघणार, असं त्यांनी कळवलं.

गावाला मात्र नुसते मासे दिसले. राधाकिशनराव गळ्यात माळ घालणारे, एकादशी न मोडणारे, कीर्तनात पहिल्या रांगेत बसून बुवांच्या आधी 'विठ्ठल विठ्ठल' म्हणणारे. शेजारच्या छबुबाईनं उंबऱ्यातूनच हनुवटीवर बोट ठेवलं.

"काय गं तुळजे, माळकऱ्याच्या घरात मासे? वरण आळणी लागायलंय का दादाला?"

"खायाचे न्हाईत ते," तुळजाबाई म्हणाल्या. "बघायचे हायेत."

"मंग तर लईच अवघड. खायाचे असते तर एका दिवसात उरकलं असतं."

छबुबाईचं बोलणं खोटं नव्हतं. दुपारी भारनियमनात बुडबुडे बंद पडत. मासे वर येऊन तोंड वासायला लागले की तुळजाबाई ताकाची धुतलेली रवी घेऊन बसत आणि समुद्र हलक्या हातानं घुसळत. फेस आला की मासे ताजेतवाने. उन्हाचा चटका वाढला तसं राधाकिशनरावांनी रांजणाला गुंडाळतात तसं ओलं गोणपाट टाकीला गुंडाळलं. दोन्ही गोष्टी जावयानं दिलेल्या सूचनांच्या कागदावर नव्हत्या, पण दोन्ही लागू पडल्या. नवराबायकोला वाटलं, चला, जमायलंय.

अडचण आली ती खारटपणा मोजण्याची. त्यासाठी दिलेली काचेची नळी तिसऱ्याच दिवशी फरशीवर पडली आणि तिचे बारा तुकडे झाले. राधाकिशनरावांनी भीतभीत फोन लावला.

"जावईबापू, त्या नळीवर किती यायला पाहिजे म्हणलतात?"

"एक पूर्णांक शून्य पंचवीस, मामा. साध्या पाण्यापेक्षा किती जड आहे, तेवढंच बघायचं असतं. का हो?"

राधाकिशनरावांचे डोळे लकाकले. गेली बावीस वर्षं ते गावच्या सहकारी दूध संस्थेचे सेक्रेटरी होते. रोज सकाळ-संध्याकाळ शंभर माणसांच्या दुधात ते अशीच काचेची नळी सोडत. गाव त्या नळीलाही डिग्री म्हणे आणि तिच्यावरच्या आकड्यालाही डिग्रीच म्हणे.

"म्हंजी पंचवीस डिग्री की वो! आमी गाईच्या दुधाला अठ्ठावीस धरतो."

"मामा," जावई म्हणाले, "हिशेब तोच आहे. चालेल! दुधाची डिग्री चालेल!"

राधाकिशनरावांनी संस्थेतली स्वतःची जुनी नळी आणून टाकीत सोडली. बरोबर पंचवीस. समुद्र म्हणजे तीन डिग्री पाणी मारलेलं दूध, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

कारण पाणी आटत होतं. दोन दिवसांत बोटभर. जेवढं आटेल तेवढं भरून काढायचं, एवढं राधाकिशनरावांना कळत होतं. पण साधं पाणी घालायचं, हे त्यांच्या हाडात बसणं शक्य नव्हतं. 'पाणी घालू नका' हे वाक्य त्यांनी बावीस वर्षं दिवसातून दोनदा उच्चारलं होतं. चेअरमनच्या सख्ख्या मेव्हण्याचं दूध त्यांनी पाण्यापायी परत पाठवलं होतं. त्यामुळं ते जावयानं दिलेल्या मिठाच्या गोणीतलं मीठ घेत, बादलीत विरघळवत, डिग्री लावून पंचवीस करत आणि मगच टाकीत ओतत. दूध कमी भरलं तर दूधच घालावं, तसं.

आठवडाभरानं डिग्री अठ्ठावीस दाखवायला लागली. राधाकिशनराव हरखले.

"तुळजे, बघ! अठ्ठावीस! आपलं पाणी कसदार व्हायलंय!"

विसाव्या दिवशी ती एकतिसावर गेली. एवढी डिग्री गावातल्या कुठल्याच गाईनं आजवर दिली नव्हती. तुळजाबाई मात्र वाकून दगडामागं बघत होत्या.

"कसदार झालंय खरं. पर ते दोघं का म्हून तोंड पाडून बसलेत?"

मासे दगडाच्या कपारीत अंग चोरून होते. टाकलेलं खात नव्हते. त्या दिवशी एकादशी होती, मारुतीच्या पारावर कीर्तन होतं. ते नेहमीप्रमाणं पहिल्या रांगेत बसले, पण जीव टाकीत. बुवा रंगात आले होते. मृदंग घुमत होता. बुवांनी हात वर करून विचारलं, "सांगा माउली, संताचं चित्त कसं असावं? सुखानं फुगत नाही, दुःखानं आटत नाही. कसं असतं ते?"

"पंचवीस!" राधाकिशनराव ओरडले.

टाळकऱ्यांचा ठेका चुकला. बुवांनी डोळे मिटून घेतले. राधाकिशनराव उठले, बुवांना वाकून नमस्कार केला आणि घरी येऊन फोन लावला.

"एकतीस?" जावई किंचाळले. "मामा, मरतील ते! अहो, उडून जातं ते पाणी. मीठ तिथंच राहतं. तुम्ही वरून आणखी मीठ घालताय! आटेल तेवढं गोडं पाणी घालायचं. टँकरचं असेल तर एक दिवस उघडं ठेवून, म्हणजे त्यातलं औषध उडून जातं. आणि हळूहळू, एकदम नको."

"पाणी घालू?" राधाकिशनरावांनी विचारलं. "मी?"

"तुम्हीच."

"साधं?"

"साधंच, मामा!"

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर राधाकिशनराव भरलेला तांब्या घेऊन टाकीपुढं उभे राहिले. कोपऱ्यातल्या विठ्ठलाच्या तसबिरीकडं बघून ते पुटपुटले, "पांडुरंगा, बावीस वर्षांत पहिल्यांदाच करायलोय. तू जरा तिकडं बघ." आणि त्यांनी धार सोडली. मग डिग्री लावली. पुन्हा धार. पुन्हा डिग्री.

नेमका त्याच वेळी खिडकीशी आसाराम आला. दोन दिवसांपूर्वी त्याचं दूध तेवीस डिग्री भरलं म्हणून परत गेलं होतं. म्हैस आजारी हाय, एवढं एकदा घ्या, असं विनवायला तो आला होता. खिडकीतून त्याला काय दिसलं? पाण्याचा तांब्या, संस्थेची डिग्री आणि बाजूला अर्धी झालेली मिठाची गोणी. टाकी गोणपाटाखाली झाकलेली. आसाराम विनवायचं विसरून माघारी पळाला.

दूधवाल्या गावात याचा अर्थ लेकराबाळांनाही कळतो. पाणी घातलं की डिग्री उतरते, मीठ टाकलं की पुन्हा चढते. दिवेलागणीपर्यंत गावभर झालं होतं, 'सेक्रेटरी घरात बसून पाणी मारतो, मीठ टाकून डिग्री चढवतो, आन् आपलं दूध परत पाठवतो!'

सकाळी चेअरमन मोहनराव दोन संचालकांना घेऊन दारात हजर. मागं साक्षीदार म्हणून आसाराम, आणि त्याच्या मागं तमाशा बघायला आलेली अर्धी आळी.

"राधाकिशनराव," मोहनराव घसा खाकरून म्हणाले, "लोक इचारायलेत. खरं सांगा. पाणी घातलं का?"

"घातलं."

"मीठ?"

"तेबी घातलं."

"डिग्री लावली?"

"रोज लावतो."

आसारामची छाती फुगली. "बघा! समदं कबूल हाय! आता दूध कुठं लपवलंय तेवढं इचारा."

राधाकिशनरावांनी गोणपाट बाजूला केलं. मोहनराव वाकले. दगडामागून दोन नारिंगी तोंडं बाहेर आली आणि चेअरमनकडं बघू लागली. मोहनराव बराच वेळ त्यांच्याकडं आणि ते मोहनरावांकडं बघत राहिले. मग चेअरमन सरळ झाले.

"आसाराम, लेका, पाणी हाय, मीठ हाय, डिग्री हाय. दूध कुठंय? चोरी कशाची धरू मी?"

आसाराम हटला नाही. "बरं, दुधाचं जाऊ द्या! माणसाच्या घशाला कोरड पडलीय आन् हे माशाला टँकरचं पाणी पाजायलेत. त्याचं काय?"

हे मात्र बसलं. दारातल्या रिकाम्या हंड्यांकडं सगळ्यांची नजर गेली. राधाकिशनरावांनी मान खाली घातली. तेव्हा डोईवरचा पदर सारखा करत तुळजाबाई पुढं आल्या.

"कुणाच्या हंड्यातलं न्हाई ते. ह्यांच्या आंघोळीचं हाय. तीन आठवडे झाले, हा माणूस ओल्या फडक्यानं आंग पुसून देवाला जातोय." त्यांनी टाकीकडं बोट केलं. "मासे मेले तर आमची कौशी येत न्हाई बाळंतपणाला. तिची सासू म्हणती, जिथं मासा जगत न्हाई तिथं बाळंतीण कशी जगवताल."

मग छबुबाई उसळली, "असं म्हणती व्हय? कौशी काय एकट्या तुमचीच हाय का? माझ्या कडेवर वाढली पोरगी!"

मोहनरावांना सभा चालवायची सवय. त्यांनी तिथंच हात वर केला. "ठराव. गावच्या लेकीचं बाळंतपण गावात होईल. माशाला लागंल तेवढं पाणी गाव देईल. सूचक मी."

"अनुमोदन!" छबुबाई म्हणाली. ती संस्थेची सभासदही नव्हती.

"सर्वानुमते मंजूर."

राधाकिशनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते जर तिथंच म्हणाले असते की 'दिवसाला दोन तांबे पुरेत', तर पुढचं टळलं असतं. पण गळा दाटलेल्या माणसाला आकडे सुचत नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते दूध संकलनाला गेले, तुळजाबाई मारुतीला गेल्या. दार नुसतं लोटलेलं. ठरावाची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्यांदा छबुबाई तांब्या घेऊन आली. मग तिची जाऊ. मग वरची आळी, मग खालची आळी. पिंडीवर अभिषेक करावा तशी एकेक जण नमस्कार करून तांब्या रिता करत होती. गावात पाण्याचा दुष्काळ आणि टाकीत महापूर. समुद्र काठोकाठ भरला, वरून वाहिला, बैठकीतून उंबरा ओलांडून अंगणात आला, आणि छबुबाईची शेळी तो ओघळ मिटक्या मारत चाटू लागली.

राधाकिशनराव परतले तेव्हा अंगणात रिकामे तांबे घेतलेल्या बायांची रांग उभी होती. प्रत्येकीच्या चेहऱ्यावर पुण्य केल्याचं समाधान.

"दादा, सदतीस तांबे झाले," छबुबाई अभिमानानं म्हणाली. "आता बघा कसे खेळतेत!"

राधाकिशनरावांनी डिग्री सोडली. ती खाली गेली, अजून खाली गेली आणि एकोणिसावर थांबली. मासे तळाला लागून एका कुशीवर कलंडल्यासारखे तरंगत होते. जावयाचा फोन लावला, तर ते खात्याच्या बोटीवर, संपर्काबाहेर. सुभद्राबाई यायला आठ दिवस उरले होते.

"किती मीठ टाकू?" राधाकिशनराव स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "जास्त झालं तर मरतील, कमी झालं तरी मरतील. ह्याचा हिशेब कुणाला ठाव?"

बायांमागून हळूच आवाज आला.

"दहा लिटरला अडीच चमचे. एक डिग्री चढती."

सगळ्यांनी वळून बघितलं. आसाराम होता. एवढ्या नजरा अंगावर आल्याबरोबर त्याचा चेहरा टाकीतल्या माशांसारखा झाला.

"काय म्हणलास?" राधाकिशनरावांनी विचारलं.

"न्हाई, म्हंजी... ऐकून हाय."

"कुणाकडून?"

"लोकांकडून." आसाराम पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला. पण माशांकडं बघून त्याला राहवेना. "आन् एकदम टाकायचं न्हाई, सेक्रेटरी. आधी बादलीत पक्कं इरघळायचं. दिवसाला दोन डिग्रीच चढवायची. एकदम चढवली की लगेच ध्यानात येतंय." तो थबकला. "माशाच्या."

राधाकिशनरावांनी त्याच्याकडं नीट बघितलं. बावीस वर्षांतली कितीतरी कोडी त्या एका क्षणात सुटली. पण वेळ कोडी सोडवायची नव्हती. त्यांनी चमचा आसारामच्या हातात दिला.

"मोज."

तीन दिवस आसाराम म्हैस सोडून टाकीपाशी बसून होता. जादा पाणी उपसलं, मीठ चमच्यानं मोजलं, बादलीत ढवळून ढवळून घातलं. तुळजाबाई रवी फिरवत होत्या, राधाकिशनराव डिग्री लावत होते. एकवीस. तेवीस. तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना नळी पंचविसावर येऊन थांबली, ती हललीच नाही. जरा वेळानं मोठा मासा कपारीतून निघाला, टाकलेला कण त्यानं गिळला आणि धाकट्याला घेऊन ऐटीत एक फेरी मारली. आसारामनं उपरण्यानं डोळे पुसले.

"राधाकिशनराव, जिंदगीत पहिल्यांदा मीठ टाकून बरं वाटायलंय."

"आसाराम," राधाकिशनराव त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "उद्यापासनं तुझ्या दुधाची मी डिग्री बघणार न्हाई."

"खरंच?"

"चव बघणार."

ठरल्या दिवशी सुभद्राबाई माजलगावच्या एसटीनं उतरल्या. ठेंगण्या, गोऱ्या, अंबाड्यात अबोलीचा सुकलेला गजरा. चहाही न घेता त्या थेट टाकीपाशी गेल्या. मोहनराव नारळ घेऊन उभे होते, छबुबाई दारात श्वास धरून. सुभद्राबाईंनी माशांकडं बघितलंच नाही. त्यांनी करंगळी पाण्यात बुडवली आणि जिभेला लावली. डोळे मिटले.

"हं," त्या म्हणाल्या. "आमच्याच दारातलं आहे."

अंगणात कुणीतरी 'पुंडलिक वरदे' म्हटलं. सुभद्राबाईंनी मग जमलेल्या माणसांवरून नजर फिरवली. "पाण्याचं बघतं कोण इथं?" त्यांनी विचारलं, तर एकदम पंधरा-वीस जण "मी" म्हणाले. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं.

"सून पाठवते," त्या म्हणाल्या. राधाकिशनरावांचे हात आपोआप जोडले गेले. "पण मी तिच्यासोबत येणार. बाळ सव्वा महिन्याचं होईपर्यंत इथंच राहणार."

राधाकिशनरावांचे हात जोडलेलेच राहिले. साडेतीन महिने! माशांचं ठीक होतं, ते बोलत नव्हते. त्यांनी तुळजाबाईंकडं बघितलं. तुळजाबाई आत गेल्या आणि पेटीतून ठेवणीतली गोधडी काढून उन्हात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध संकलन उरकून राधाकिशनराव घराकडं निघाले, तर वाटेत टँकरचा गलका कानावर आला. नेहमीपेक्षा भारी. जवळ जाऊन बघतात, तर टँकरच्या मागच्या फळीवर एक पाय रोवून, पदर खोचून, पाइप हातात घेऊन सुभद्राबाई उभ्या.

"अवं पाव्हणीबाई, माझा नंबर हाय!" छबुबाई हंडा पुढं करून ओरडत होती.

"नंबर तुझा असू दे, पाइप माझ्या हातात आहे! ती हंडे आडवे लावणारी कोण? हो मागे! आधी म्हाताऱ्या येतील, मग लेकुरवाळ्या. आणि ड्रायव्हरदादा, तू बिडी नंतर ओढ. पुढच्या खेपेला दोन दिवस आधी यायचं. काय सांगितलं मी?"

"दोन दिवस आधी," ड्रायव्हर म्हणाला. सहा वर्षांत तो गावाला पहिल्यांदाच 'हो' म्हणत होता.

राधाकिशनरावांच्या दारात तीन हंडे भरून ठेवलेले होते. बाजूला तुळजाबाई उभ्या, चेहऱ्यावर विठ्ठल भेटल्याचं तेज. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. कौशल्या होती.

"आबा, काय म्हणल्या सासूबाई? येऊ का मी?"

"ये माय. सामान बांध."

"पर आबा, पाणी?"

राधाकिशनरावांनी वळून टँकरकडं बघितलं. सुभद्राबाईंपुढं छबुबाई आता रांगेत मुकाट उभी होती.

"पाण्याचा घोर तू करू नको," ते म्हणाले. "पाणी तुझ्या सासूनं धरलंय."